मामांना कुठली रायफल सांगू?

२०२५ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. शनिवार सकाळ, मी अजून अंथरुणातच लोळत होतो आणि कोपरगावहून मामांचा फोन आला. एरवी मामांचा फोन म्हणजे मोबाईल हँग झालाय किंवा सातबारा ऑनलाइन उघडत नाहीये. या वेळी म्हणाले, "तू इंजिनेर ना? मंग एक काम कर. चांगल्यातली रायफल कुठली ते नेटवर बघून सांग. मोठी पायजे. एका गोळीत आडवा झाला पायजे."

हसू आलं नाही. त्याच महिन्यात तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेली होती, लोक रस्त्यावर उतरले होते, आणि शेवटी वनखात्याने परवानगी घेऊन एक बिबट्या गोळी घालून मारला होता. पलीकडे शिरूर तालुक्यात पिंपरखेडलाही तेच. मामांची वस्ती उसातच आहे. दोन्ही बाजूंना ऊस, मधून पायवाट, आणि त्या पायवाटेने मामेबहिणीची पोरं शाळेत जातात. तर मंडळी, मामांचं काम म्हणून मी तो अख्खा वीकांत काडतुसांवर वाचत बसलो. जे हाती लागलं ते मामांना आवडलं नाही, आणि माझ्या ऑफिसातल्या मित्रांनाही आवडणार नाही. तरी लिहितोच.

"मोठी पाहिजे" म्हटल्यावर मी आधी मध्यम मापापासून सुरुवात केली. युरोपातल्या शिकाऱ्यांचं एक जुनं, नावाजलेलं काडतूस आहे, ९.३ × ६२ माउझर. नाव ऐकून घाबरू नका, सरळ हिशेब आहे : गोळीचा व्यास ९.३ मिलिमीटर, पितळी पुंगळीची लांबी ६२ मिलिमीटर. बर्लिनच्या ऑटो बॉक नावाच्या बंदूक कारागिराने १९०५ साली ते बनवलं. गोळी साधारण साडेअठरा ग्रॅमची, वेग सेकंदाला सातशे मीटरच्या आसपास. बारावीचं फिजिक्स आठवा, अर्धा एम व्ही वर्ग. साडेचार हजार ज्यूल निघतात.

पण मला आवडले ते ज्यूल नाहीत. मला आवडली ती बॉकची रिक्वायरमेंट समजून घेण्याची पद्धत! त्याचं गिऱ्हाईक कोण, तर आफ्रिकेत जाणारा जर्मन शेतकरी. समोर कोण, तर म्हशीएवढी दांडगी जनावरं. खिशात काय, तर फारसं काही नाही. इंग्रज साहेबांच्या महागड्या दुनळी रायफली त्याला परवडणाऱ्या नव्हत्या. मग बॉकने काय केलं? माउझरची १८९८ ची साधी लष्करी रायफल तेव्हा कारखान्यांतून ढिगाने निघत होती. तिच्या यंत्रणेत फारशी खुडबूड न करता मावेल एवढंच लांब काडतूस त्याने बेतलं. आहे त्याच प्लॅटफॉर्मवर चालणारं, स्वस्त, पुरेसं. सात वर्षांनी, १९१२ साली, इंग्रजांचं प्रसिद्ध .३७५ मॅग्नम आलं. त्याची पुंगळी ७२ मिलिमीटरची, म्हणजे रायफलही लांब लागणार आणि महागही. बॉकचं काडतूस सव्वाशे वर्षं होत आली तरी अजून बनतं. आमच्या धंद्यात पाच वर्षं टिकलेल्या सॉफ्टवेअरला लोक वारसा म्हणतात. असो.

मामांना हे सांगितलं. मामा म्हणाले, "मंग हीच घेऊ की."

आता गंमत बघा. आपल्याकडे लायसन्सवर जी रायफल सगळ्यात ओळखीची आहे, ती .३१५, तीसुद्धा जन्माने युरोपियनच. तिचं काडतूस म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचं १८९० च्या सुमाराचं ८ × ५० मानलिखर. ते इथे कसं आलं? इंग्रजांना धास्ती होती की आपल्या फौजेची .३०३ ची काडतुसं नेटिव्हांच्या बंदुकीत बसली तर पंचाईत. म्हणून लष्करी मापाच्या रायफली खाजगी माणसाला बंद, आणि त्याऐवजी हे परकं माप चालू झालं. इंग्रज गेले, माप राहिलं. त्याच्या गोळ्या आपल्या पुण्यातल्या खडकीच्या कारखान्यात बनत आल्या आहेत. सुमारे तीन हजार ज्यूल. बॉकच्या काडतुसाहून कमी, पण बिबट्या काही आफ्रिकेतली म्हैस नव्हे. पन्नास-सत्तर किलोचं जनावर ते!

जिम कॉर्बेटने १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला तो .२७५ रिग्बीने. हे म्हणजे जर्मन ७ × ५७ माउझरच, फक्त इंग्रजी नाव दिलेलं. सव्वाशे माणसं मारलेला बिबट्या मध्यमाहूनही लहान मापाच्या गोळीने मेला. मात्र त्या एका गोळीच्या आधी कॉर्बेट रात्रीमागून रात्री आंब्याच्या झाडावर बसून होता. काडतूस शेवटच्या क्षणाला लागलं, बाकी सगळं काम त्या बैठकीने केलं.

इथे माझा मुद्दा येतो. बॉकसारखी रिक्वायरमेंट मामांची लिहून बघू. वेळ रात्रीचे दोन, कारण शेतीच्या पंपाला थ्री फेज लाईट त्या आठवड्यात रात्रीची आहे. उजव्या हातात फावडं, डाव्या हातात बॅटरी, पाय चिखलात. ऊस डोक्याच्या वर गेलेला. बिबट्या दिसणार तो पाच-सात हातांवर, आणि बहुतेक वेळा मागून. मिळणारा वेळ सेकंद, दोन सेकंद. अशात पाठीवरची रायफल काढून, बोल्ट ओढून, अंधारात नेम धरायचा?

मंडळी, ही रिक्वायरमेंट पुरी करणारं काडतूस जगात कुणी बनवलेलं नाही. ९.३ नाही, .३७५ नाही, कुठलंच नाही.

आणि चुकलेली गोळी कुठे जाते? रायफलची गोळी दोन-तीन किलोमीटर सहज जाते. शिकारीतला पहिला नियम असा की जनावराच्या मागे डोंगर किंवा मातीचा बांध असल्याशिवाय घोडा ओढायचा नाही. कोपरगावच्या सपाट काळ्या रानात डोंगर कुठून आणायचा? उसामागे दुसऱ्याची वस्ती आहे, तिथेही पोरं झोपलेली आहेत. नेम अर्धवट लागला तर त्याहून वाईट, कारण उसात शिरलेल्या जखमी बिबट्याला हुडकायला सकाळी कुणाला तरी जावंच लागतं.

आता ऑफिसातल्या मित्रांकडे वळतो. कॅन्टीनमध्ये हा विषय निघाला की ठरलेलं वाक्य : "अरे, आपणच त्यांच्या जंगलात घुसलोय ना!" कुठलं जंगल, बाबा? कोपरगावात गोदावरीचे कालवे आहेत, साखर कारखाने आहेत आणि ऊस आहे. आपल्याच जिल्ह्यात अकोल्याच्या शेतशिवारात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला. २०१३ साली छापून आला तो. शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच मोठे बिबटे, आणि तेही शेतात. हे बिबटे उसात जन्मतात, कुत्री-डुकरं-शेळ्या खाऊन वाढतात. "पकडून लांब सोडा" हेही करून झालंय. २००० नंतरच्या काही वर्षांत जुन्नरकडचे बिबटे धरून दुसरीकडे सोडले, आणि माणसांवरचे हल्ले कमी व्हायचे सोडून वाढले. एसीत बसून करुणा दाखवणं सोपं आहे. रात्री दोनला दार धरायला त्यांच्यातलं कुणी जाणार नाहीये.

मग बिबट्याला गोळी घालायचीच नाही का? तसं मी म्हणत नाही. माणसावर येणाऱ्या बिबट्याला मारायची परवानगी १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमात आहे. ती मुख्य वन्यजीव रक्षक देतात. त्याच कलमात प्रामाणिक स्वसंरक्षणालाही सूट आहे. पण ती गोळी झाडणारा माणूस सराव केलेला हवा, तोच बिबट्या आहे याची ठसे आणि कॅमेरे बघून खात्री झालेली हवी, आणि पाठीमागे माती हवी. तिथे खडकीची साधी .३१५ सुद्धा पुरते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मोर्चा काढायचाच तर बंदुकीच्या लायसन्ससाठी काढू नका, दिवसाच्या लाईटसाठी काढा. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, तिचा दुसरा भाग २०२३ साली आला. आपल्या फीडरचं काय झालं, हे कागद हातात घेऊन विचारा. गोठ्याला जाळी आणि छप्पर मागा. वस्तीवरच्या पोरांना शाळेला गाडी मागा. रात्री दोनला उसात माणूसच नसेल, तर दोन सेकंदांत नेम धरायचा प्रश्नच येत नाही.

मामांना मी हे सगळं सांगितलं. बराच वेळ पलीकडून आवाजच नाही. मग म्हणाले, "ते समदं खरं हाये. पण आज रात्री पाणी भरायचंय, त्याचं काय?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. एवढंच म्हणालो, "एकटे जाऊ नका, मामा. आणि पोहोचलात की फोन करा." पहाटे साडेचारला फोन आला. तोवर मी जागाच होतो.

चूक भूल द्यावी घ्यावी. पुढच्या वीकांताला भेटू.