वाईला आणखी एक स्टॉल नको, अर्धा दिवस विकणारा माणूस हवा

वाईत गाड्या कमी येत नाहीत. ढोल्या गणपतीचं दर्शन होतं, घाटावर चार फोटो निघतात आणि गाडी पसरणी घाट चढून पाचगणीला जाते. आपल्याकडे राहतो चहा-वडापावचा गल्ला. मग नवीन मुलगा धंद्यात उतरतो तो आणखी एक वडापावची गाडी टाकूनच. माझं मत स्पष्ट आहे: आपल्याला पाहुणा थांबवायला शिकलं पाहिजे.

इटलीत व्हेनिसजवळ तीन छोटी बेटं आहेत. मुरानो काचेसाठी, बुरानो लेससाठी, तोर्चेल्लो जुन्या चर्चसाठी. पर्यटक बोटीने एका दिवसात तिन्ही करतात. मुरानोत आधी भट्टीपुढे उभं करतात. कारागीर नळीतून फुंकून काच फुगवतो ते बघायचं, मग दुकान. मेहनत डोळ्यांनी बघितलेलं गिऱ्हाईक भाव करताना दहा वेळा विचार करतं. आणि हे आपोआप झालं नाही. बुरानोची लेस जवळपास संपली होती, १८७२ मध्ये शाळा काढून ती पुन्हा शिकवली गेली.

आता आपला माल बघा. ढोल्या गणपतीचं मंदिर रास्त्यांनी बांधलं. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, कृष्णेच्या पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. मेणवलीच्या घाटावरची घंटा १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आली; तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत. सांगणारा कुणी नसेल तर ती नुसती घंटा!

कारागिरी? आपल्याच जिल्ह्यात म्हसवडची घोंगडी आहे. शेजारच्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मिरज त्याच दिवसात बसणार नाही, पण म्हसवडचा कारागीर ठरलेल्या रविवारी वाईत येऊन लोकर कातून दाखवू शकतो.

"घाट फुकट दिसतो, पैसे कोण देणार?" असं बरेच जण विचारतात. अहो, पैसे घाटाचे नाहीत. गोष्टीचे, सोयीचे आणि कारागिराच्या वेळेचे आहेत. हिशेब मांडू. समजा १० माणसं, माणशी ३०० रुपये, म्हणजे ३,००० रुपये. कारागिराचं मानधन १,०००, मेणवलीची ने-आण ६००, चहा-नाश्ता ६००. तुमच्याकडे ८०० उरतात, तेही अर्ध्या दिवसात आणि दुकान न टाकता. घोंगडी विकली गेली तर ते पैसे कारागिराचे. तो टिकला तरच तुमचा धंदा टिकेल.

दोन पथ्यं मात्र पाळा. मेणवलीचा वाडा खाजगी आहे, परवानगीशिवाय आत कुणाला नेऊ नका. दुसरं, मशिनचं ब्लँकेट हातमागाची घोंगडी म्हणून कधीही विकू नका. बुरानोच्या दुकानांत आज खऱ्या लेसशेजारी मशिनची स्वस्त लेस लटकते आणि फटका खऱ्या कारागिराला बसतो. मुरानोच्या काचेला तर नकलेपासून वाचवायला १९९४ मध्ये कायद्याने ट्रेडमार्क द्यावा लागला. आपल्यामागे असा कायदा धावत येणार नाही. आपला शब्द हाच ट्रेडमार्क.

या आठवड्यात एवढंच करा: पुण्या-मुंबईहून येणारं ओळखीचं एक कुटुंब धरा आणि त्यांना हा अर्धा दिवस फुकट फिरवा. ते कुठे थांबले, कुठे कंटाळले, ते वहीत लिहा. ती वही तुमचं पहिलं भांडवल. दर नंतर ठरवू.