श्याम लपतो, श्याम सांगतो



परवा मुरुडच्या बाजारात भाजी घेत होते. मागून हाक आली, “बाई!” वळून पाहिलं तर माझ्या चौथीच्या वर्गातून शिकून गेलेली, आता आठवीत असलेली एक मुलगी. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग हळूच म्हणाली, “बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?”

तिनं सुट्टीत ‘श्यामची आई’ वाचलं होतं. पुस्तक इतकं आवडलं, की साने गुरुजींचं चरित्रही मिळवून वाचलं. त्यात तिला कळलं, की ११ जून १९५० रोजी गुरुजींनी आपलं जीवन स्वतःच संपवलं. “बाई, श्याम म्हणजे गुरुजीच ना? मग शेवटी श्याम हरला का हो?”

मला पटकन उत्तर सुचलं नाही. “नीट विचार करून सांगते,” असं म्हणून घरी आले आणि पुस्तक पुन्हा उघडलं. या सदरात आपण दर वेळी पुस्तकातला एक सवंगडी भेटतो. आज श्यामला भेटू या.

सुरुवातीचा श्याम कसा आहे, आठवतंय का? भित्रा! विहिरीत पोहायला जायचं म्हटलं, की तो घरात लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मार देते आणि पोहायला पाठवते. (आज मी कुण्याही आईला मारायला सांगणार नाही बरं का!) पुढं मोठं होण्यासाठी पुस्तकं हवीत, म्हणून हाच श्याम पाहुण्याचे पैसे चोरतो. पण आईनं विचारल्यावर त्याला लपवता येत नाही. रडतो आणि खरं सांगून टाकतो.

मग तो शिकायला दापोलीला जातो. धाकट्या भावाचा कोट फाटलाय, हे त्याच्या मनात असतं. खाऊचे पैसे साठवून तो भावासाठी कोट शिवून घेतो आणि भर पावसात पायी पालगडला नेऊन देतो. आता त्याला दुसऱ्याचं दुःख न सांगता कळायला लागलंय.

आणि शेवटचा श्याम? तो तर पुस्तकभर आपल्यासमोरच बसलाय! मोठा झालेला श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना आपली गोष्ट सांगतो. अशा बेचाळीस रात्री! आपली भीती, चोरी, आईला उलट बोललेलं, काही म्हणून झाकत नाही. लपून बसणारं ते पोर आता सगळ्यांसमोर मन उघडं करतं. पोहायला शिकण्यापेक्षा हे कितीतरी अवघड. माझ्या मते श्यामचं खरं मोठं होणं ते हेच.

आता गुरुजींकडे वळू. अमळनेरच्या शाळेत ते मुलांचे लाडके शिक्षक होते. ‘श्यामची आई’ त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिलं. पंढरपूरच्या विठ्ठलाचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं, म्हणून मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण केलं. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. असा माणूस भित्रा कसा असेल?

पण मुलांनो, धीट माणसाचंही मन आजारी पडतं. ताप आला की तोंडाची चव जाते आणि गोड शिराही कडू लागतो. शिरा काही कडू नसतो, ताप तसं सांगत असतो. मनाच्या आजारातही असंच होतं. ‘आता काहीच चांगलं होणार नाही, मी कुणाला नकोय,’ असं मन सांगू लागतं. ते खरं नसतं, पण त्या वेळी अगदी खरं वाटतं. गुरुजींच्या मनात त्या दिवशी काय होतं, ते आपण सांगू शकत नाही. कुणी असं करतं तेव्हा त्यामागं एकच कारण नसतं. गुरुजींचं सगळं घ्यावं, पण तो शेवटचा दिवस घेऊ नये. घ्यायचं ते श्यामचं सांगणं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या घरी गेले. हे सगळं सांगितलं आणि सरळ विचारलं, “तुला कधी असं वाटतं का गं?” ती म्हणाली, “मला नाही बाई. पण दादाला...” आणि रडायलाच लागली. दादा लातूरला खोली करून बारावीच्या शिकवण्या करतो. हल्ली फोनवर दोन शब्द बोलून ठेवून देतो. एकदा म्हणाला होता, “मी नसलो तर तुमचा खर्च तरी वाचेल.” आणि वर म्हणाला, “आई-बाबांना सांगू नकोस.”

तिनं महिनाभर ते मनात ठेवलं होतं. आम्ही दोघींनी मिळून तिच्या बाबांना सांगितलं. ते पहिल्या एसटीनं लातूरला गेले. मार्कांचं काही विचारलं नाही, नुसते जवळ बसले. खूप वेळानं दादा बोलला. आता तो घरी आहे, डॉक्टरांचे उपचार चालू आहेत. लगेच सगळं ठीक झालं असं नाही. पण आता दादा एकटा नाही.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मैत्रिणीचं गुपित जपावं, पण ‘मला जगायचं नाही’ हे गुपित कधीच जपायचं नाही. मैत्रीण रागावली तरी चालेल. आई, बाबा, आजी, बाई, गुरुजी, ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना लगेच सांगा. एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा फोन आहे. १४४१६ या ‘टेलि-मानस’च्या नंबरवर दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. पैसे पडत नाहीत.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. विचारल्यामुळं मुलांच्या डोक्यात असा विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्यानं त्यांना हलकं वाटतं. मूल बोलू लागलं, की उपदेश बाजूला ठेवा आणि आधी ऐकून घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही अशा माणसाला शिक्षा नको, उपचार आणि आधार हवा, असंच मानलंय.

तर मुलांनो, श्याम हरला का? नाही. त्या मुलीनं महिनाभर लपवलेलं सांगितलं ना, तेव्हा मला श्यामच आठवला.

या वेळचा गृहपाठ: आज जेवताना घरातल्या एकाला विचारा, “आजचा दिवस कसा गेला?” आणि त्यांचं सांगून होईपर्यंत ताटावरून उठू नका. काय ऐकलंत ते मला लिहून कळवायला नको. ते तुमच्या दोघांतच राहू द्या.

तुमच्या,
बाई