सुखोईच्या गावातून रशियाकडे पाहताना

धानोरी, विश्रांतवाडी, वडगाव शेरी या परिसरातील पुणेकराला सुखोईची ओळख करून द्यावी लागत नाही. सकाळचा चहा घेत असताना खिडकीची तावदाने थरथरू लागली, की घरातले लहान मूलही मान वर न करता सांगते, "सुखोई!" तुकोबांचे आजोळ असलेल्या लोहगावच्या माळावर १९३९ साली इंग्रजांनी विमानतळ उभारला, तो मुंबईच्या हवाई रक्षणासाठी. त्याच धावपट्टीवर जून १९९७ मध्ये रशियातून आलेली पहिली आठ सुखोई-३० विमाने वायुदलाच्या २४ व्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाली. २७ सप्टेंबर २००२ रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्या उपस्थितीत भारतासाठी खास घडवलेले 'एमकेआय' रूप २० व्या स्क्वाड्रनने येथेच स्वीकारले आणि पुढे ३० व्या स्क्वाड्रननेही. राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी ८ जून २००६ रोजी आणि प्रतिभाताई पाटील यांनी २५ नोव्हेंबर २००९ रोजी सुखोईतून उड्डाण केले, तेही लोहगावहूनच. दोघांचेही वय त्या दिवशी चौऱ्याहत्तर होते! पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर जिना चढताना कुरकुरणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

हे सारे अभिमानाचे खरेच. परंतु विमानाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या समाजाचे एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. विमान म्हणजे वायुदल नव्हे. किती विमाने एकत्र ठेवायची, ती कोणाच्या हुकमतीखाली द्यायची, त्यांच्या दुरुस्तीची, इंधनाची, दारूगोळ्याची जबाबदारी कोणावर टाकायची, या रुक्ष वाटणाऱ्या प्रश्नांच्या उत्तरांत युद्धाचा निकाल दडलेला असतो. लोहगावची गंमत अशी की, येथे विमान रशियन, मांडणी मात्र इंग्रजी वळणाची. फ्लाइट, स्क्वाड्रन, विंग, कमांड ही आपली उतरंड १९३२ साली स्थापन झालेल्या वायुदलाने ब्रिटिशांकडून घेतली. सोळा-अठरा विमानांची एक स्क्वाड्रन. अशा स्क्वाड्रन, तळाची सुरक्षा, हवाई वाहतूक नियंत्रण, कार्यशाळा, रुग्णालय हे सगळे एका एअर कमोडोरच्या हाताखाली आले की झाली विंग. लोहगावची '२ विंग' ती हीच. तिच्यावर गांधीनगरची नैर्ऋत्य कमांड. आपण रशियाकडून मिग घेतले, सुखोई घेतले. त्यांची डिव्हिजन मात्र घेतली नाही.

ही डिव्हिजन म्हणजे काय? रशियन पद्धतीत चार विमानांचे एक 'झ्वेनो', तीन झ्वेनोंची मिळून एस्काद्रील्या, म्हणजे स्क्वाड्रन. साधारण तीन स्क्वाड्रनची एक रेजिमेंट आणि दोन ते चार रेजिमेंट मिळून एक हवाई डिव्हिजन. डिव्हिजन वायुसेनेच्या 'आर्मी'ला जबाबदार. आपली विंग एका तळाला बांधलेली असते, तर रशियन डिव्हिजनच्या रेजिमेंट वेगवेगळ्या तळांवर पसरलेल्या असतात. कामेही वाटून दिलेली. व्होल्गाकाठच्या एंगेल्स येथील २२ वी डिव्हिजन टीयू-९५ आणि टीयू-१६० या अवजड बॉम्बफेकी विमानांची; तिचे काम दूर पल्ल्याचा आणि प्रसंगी अण्वस्त्रांचा मारा. त्वेर येथील १२ वी डिव्हिजन सैन्य आणि रणसामग्री वाहून नेणारी. व्होरोनेझची १०५ वी डिव्हिजन 'संमिश्र', म्हणजे तिच्यात जमिनीवर मारा करणारी सुखोई-३४ ची रेजिमेंटही आहे आणि आकाश राखणाऱ्या लढाऊ विमानांच्या रेजिमेंटही. विमानतळ सांभाळणारी, इंधन-दारूगोळा पुरवणारी पथके उडणाऱ्या रेजिमेंटपासून वेगळी ठेवायची, ही त्यांची जुनी रीत. वैमानिकांनी तळ बदलला तरी पुढच्या तळावर दुसरे पथक स्वागताला सज्ज असावे, हा त्यामागचा हिशेब.

ही रचना एखाद्या पंडिताने कागदावर आखलेली नाही. तिच्या मागे रक्ताचे पाट आहेत. २२ जून १९४१ रोजी हिटलरने रशियावर आक्रमण केले, तेव्हा सोव्हिएत वायुदल संख्येने मोठे होते. पण ते तुकड्यातुकड्यांनी वाटलेले होते. काही पथके भूसेनेच्या एकेका 'आर्मी'च्या सेनापतीकडे, काही आघाडीच्या सेनापतीकडे. प्रत्येक जण आपापल्या वाट्याची विमाने छातीशी कवटाळून बसलेला. पहिल्याच दिवशी, सोव्हिएत आकडेवारीनुसारच, सुमारे १२०० विमाने नष्ट झाली आणि त्यांतली बहुसंख्य जमिनीवर उभी असतानाच. धडा महाग होता, पण रशियाने तो घेतला. एप्रिल १९४२ मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या अलेक्झांडर नोविकोव्ह यांनी भूसेनापतींमध्ये विखुरलेली ही विमाने काढून घेऊन 'एअर आर्मी' उभारायला आरंभ केला. लढाऊ, बॉम्बफेकी आणि भूमाऱ्याच्या विमानांच्या स्वतंत्र डिव्हिजन बांधल्या, शिवाय सर्वोच्च नेतृत्वाच्या हाती राखीव हवाई दळ ठेवले. वर्ष सरताना अशा सतरा एअर आर्मी उभ्या होत्या. स्टालिनग्राडला वेढल्या गेलेल्या जर्मन फौजेला हवाई मार्गाने रसद पुरवण्याचा गोअरिंगचा डाव उधळला गेला, तो अनेक एअर आर्मींचे बळ एका सूत्रात गोवता आल्यामुळे.

इतके शहाणपण ज्या देशाने प्राण देऊन मिळवले, त्यानेच ते पुढे मोडीत काढावे, हा इतिहासाचा विलक्षण भाग. ऑगस्ट २००८ च्या जॉर्जिया युद्धानंतर संरक्षणमंत्री अनातोली सेर्द्युकोव्ह यांनी सुधारणांचा धडाका लावला. २००९ पासून डिव्हिजन आणि रेजिमेंट बरखास्त झाल्या आणि त्यांच्या जागी 'हवाई तळ' ही सुटसुटीत रचना आली. नकाशावर ती देखणी दिसत असणार. पाठोपाठ २०१० मध्ये विमानदळे लष्करी जिल्ह्यांच्या संयुक्त कमांडकडे सोपवण्यात आली. २०१२ च्या अखेरीस सेर्द्युकोव्ह गेले, सेर्गेई शोइगु आले आणि डिव्हिजन व रेजिमेंट, जुन्या क्रमांकांसह, एकामागून एक परतू लागल्या. मोडणाऱ्यांना थोडा काळ पुरला. पुन्हा घडवायला मात्र कितीतरी वर्षे लागली. कारण रेजिमेंट म्हणजे नुसता नामफलक नसतो. तिच्यात अनुभवी तंत्रज्ञ असतात, एकमेकांच्या सवयी जाणणारे वैमानिक असतात, युद्धातून चालत आलेली परंपरा असते.

फेब्रुवारी २०२२ पासूनच्या युक्रेन युद्धात याची किंमत जगाने पाहिली. विमानांची एवढी बलाढ्य संख्या असूनही युक्रेनच्या आकाशावर निर्विवाद प्रभुत्व रशियाला मिळवता आले नाही. याला युक्रेनची विमानवेधी क्षेपणास्त्रे कारण आहेतच. तरीही भूसेनेच्या चालीला जुंपलेली विमाने एकेकटी, जोडीजोडीने लढत राहिली, स्वतंत्र हवाई मोहीम अशी उभीच राहिली नाही, हे मला मोठे कारण वाटते. १ जून २०२५ रोजी युक्रेनच्या ड्रोननी रशियाच्या अंतर्भागातील तळांवर उघड्यावर उभी असलेली बॉम्बफेकी विमाने जाळली, तेव्हा १९४१ ची आठवण कोणाला झाली नसेल?

पुण्यातल्या माणसाने हे सारे कशासाठी वाचायचे? कारण हाच प्रश्न आज आपल्या दारात उभा आहे. १ जानेवारी २०२० रोजी देशाला पहिले संरक्षणदल प्रमुख लाभले आणि तिन्ही दलांच्या संयुक्त 'थिएटर कमांड'ची चर्चा सुरू झाली. तिन्ही दलांनी एकदिलाने लढावे, याविषयी दुमत असण्याचे कारणच नाही. मतभेद आहे तो वायुदलाच्या वाटणीविषयी. ऑगस्ट २०२५ मध्ये महू येथील चर्चासत्रात वायुदलप्रमुख एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग यांनी, परक्या देशांचे अनुकरण करण्याची घाई नको, अशा आशयाची भूमिका उघडपणे मांडली. शिस्तबद्ध सेनेच्या प्रमुखाला असे जाहीरपणे बोलावेसे वाटते, तेव्हा ते गांभीर्यानेच ऐकले पाहिजे.

आकडे पाहा. वायुदलाला मंजूर असलेल्या लढाऊ स्क्वाड्रन ४२. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढला अखेरची मिग-२१ विमाने निवृत्त झाली आणि उरल्या २९. या एकोणतीस स्क्वाड्रन तीन-चार थिएटरांत कायमच्या वाटून टाकल्या, तर प्रत्येकाच्या पानात काय पडणार? लोहगावहून झेपावलेले सुखोई हवेतच इंधन घेऊन ईशान्येच्या सीमेवर जाऊ शकते, अंदमानच्या समुद्रावरही पोचू शकते. त्याचे सामर्थ्यच त्या मोकळेपणात आहे. त्याला एका थिएटरच्या खुंट्याला बांधणे म्हणजे नोविकोव्ह यांनी जे मोडले, तेच आपण नव्याने मांडणे.

थिएटरचे समर्थक म्हणतील की, एका हुकमतीवाचून समन्वय होत नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. दलादलांतील रुसवेफुगवे देशाला परवडणारे नाहीत. पण समन्वयासाठी वाटणी करावीच लागते का? डिसेंबर १९६१ मधील गोवामुक्ती आठवावी. मोहिमेची धुरा पुण्याला मुख्यालय असलेल्या दक्षिण कमांडचे लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी यांच्याकडे होती. हवाई बळ मात्र एअर व्हाइस मार्शल अर्लिक पिंटो यांच्या एकट्याच्या हाती होते, पुणे आणि बेळगावजवळील सांबरा येथे एकवटलेले. १८ डिसेंबरला पुण्याहून निघालेल्या बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी निकामी केली, पण विमानतळाच्या इमारतीला धक्का लावला नाही. हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले. दोन सेनापती होते, दोघांची विमाने वेगळी करावी लागली नाहीत, आणि मोहीम दीड दिवसात संपली.

आज त्याच तळाचा निम्मा विचार आपण नागरी विमानांच्या वेळापत्रकातून करतो. मार्च २०२४ मध्ये नवी टर्मिनल इमारत झाली, प्रवासी वाढले, आणि "हवाई दलाच्या सरावामुळे आमचे विमान उशिरा सुटले" ही तक्रारही वाढली. मीही एकदा चाळीस मिनिटे धावपट्टीकडे पाहत चरफडलो आहे. पण वेळापत्रक सांभाळण्याची सोय अन्यत्र करता येते. ओझरच्या कारखान्यात बारा नवी सुखोई बांधण्याचा करार डिसेंबर २०२४ मध्ये झाला, तेथूनच १७ ऑक्टोबर २०२५ रोजी पहिले नाशिकनिर्मित तेजस मार्क-१ ए आकाशात झेपावले. ही विमाने कोणत्या तळावर, कोणाच्या हुकमतीत जाणार, हे अद्याप ठरायचे आहे. आपल्या खासदाराला विमानतळाच्या वाहनतळाविषयी पत्र लिहिणाऱ्या पुणेकराने त्याच पत्रात एक ओळ याविषयीही लिहावी.