व्यवहारनय : आपल्या गुणांची मोजदाद

वर्षअखेरीस दुकानातील माल मोजताना आपण एक नियम पाळतो. खरेदीची किंमत आणि आजचा बाजारभाव, यांपैकी जी रक्कम कमी, ती वहीत धरायची. मालावर आपला जीव जडला म्हणून त्याचा भाव चढत नाही, आणि चार दिवस गिऱ्हाईक फिरकले नाही म्हणून चांगला माल कचराही ठरत नाही. स्वतःच्या गुणांची मोजदाद करताना मात्र हाच व्यापारी गोंधळतो. धंदा बसला वा नोकरी गेली, की एक तर सारा दोष मंदीवर आणि भागीदारावर जातो. नाही तर ‘मला काहीच येत नाही’ असा निकाल तो स्वतःविरुद्ध देऊन मोकळा होतो.

मावळात हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादन 2020च्या डिसेंबरअखेर थांबले. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. व्यवहार पूर्ण होईपर्यंत 2024 साल उजाडले. मधल्या काळात घरी बसावे लागलेल्या कारागिराच्या हातातील कसब कोठे गेले होते? कोठेच नाही. तरीही त्याच्या पगाराचा किती भाग त्या कसबाचा आणि किती भाग त्या एकाच कारखान्यात अंगवळणी पडलेल्या पद्धतींचा, हे त्याचे त्यालाच तपासणे भाग होते.

स्व आणि पर यांतील भेद ओळखण्याला आपल्या शास्त्रांत भेदविज्ञान म्हणतात. आत्मा आणि देह यांच्या संदर्भातील हा शब्द बाजारात ओढलेला काहींना रुचणार नाही. पण ती दृष्टी व्यवहारातही उपयोगी पडते. दुकान चालत होते ते माझ्या विक्रीच्या हातोटीने, की स्टेशनसमोरच्या जागेमुळे? उधारीवर माल मिळत होता तो माझ्या शब्दावर, की वडिलांच्या नावावर? जे पर आहे ते जागेबरोबर, नावाबरोबर जाते. उरते ते स्व. ते अपेक्षेपेक्षा कमी भरले तर वाईट वाटते, पण पुढचा हिशेब त्यावरच मांडायचा असतो.

हा हिशेब आठवणीवर सोडू नये, कारण आठवण नेहमी आपल्याच बाजूने साक्ष देते. मागील तीन वर्षांच्या वह्या काढाव्यात. कोणता सौदा आपण एकट्याने जमवला, कोणती वसुली दुसऱ्याने करून दिली, कोठे माल वेळेवर न पोहोचल्याने गिऱ्हाईक तुटले, हे तेथे नोंदलेले असते. मत विचारायचे तर घरच्यांना विचारू नये. आई भाव चढवते आणि चुलतभाऊ उतरवतो! ज्याने आपल्याकडून पुन्हा माल घेतला आणि ज्याने घेणे थांबवले, अशा दोघांना ‘का?’ एवढेच विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत स्वतःचा बचाव मांडू नये.

खंडाळ्याच्या बोरघाटात अशा मोजदादीचे एक ठळक उदाहरण घडले आहे. तेथील लोहमार्गाचे काम 1856 साली सुरू झाले. सुमारे 16 मैलांत 1,831 फूट चढ आणि 25 बोगदे! पहिले कंत्राटदार फॅविएल यांनी 1859 साली ते काम सोडले. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात उतरले आणि काही दिवसांतच आजाराने वारले. त्यांची पत्नी ॲलिस अभियंता नव्हती. परक्या देशातील विधवेने कंत्राट परत केले असते, तर कोणी नाव ठेवले नसते. तिने कंत्राट आपल्याकडे ठेवले आणि घाटातील काम ॲडमसन व क्लाउझर या जाणकारांवर सोपवले. 1863 साली मार्ग खुला झाला. बोगदा खोदणे हा आपला गुण नव्हे, हे तिने जाणले. पण त्यावरून आपल्याजवळ काहीच नाही, असा अर्थ काढला नाही.

सोलापूरच्या दोशी घराण्यातील वालचंद हिराचंद यांचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. सावकारी आणि कापूस हा घरचा व्यवसाय. त्यात त्यांचे मन रमले नाही. पेढीवर मन रमत नाही, याचा अर्थ मुलगा नालायक, असे आजही किती घरांत चटकन म्हटले जाते! वालचंदांनी रेल्वेत पूर्वी कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी केली. रेल्वेच्या कामाची माहिती फाटकांकडे होती. पैसा उभा करणे, जोखीम तोलणे हे पेढीवरचे शिक्षण वालचंदांकडे होते, आणि नावडत्या व्यवसायातून त्यांनी तेवढे नेमके उचलले. कंत्राटदारीची ती वाट त्यांना 1920च्या दशकात याच बोरघाटात घेऊन आली. मुंबई-पुणे लोहमार्गावरील बोगद्यांचे काम त्यांच्या कंपनीने केले.