आधी तालीम, मग लढत

'तालीम' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र पहिलवान जेथे कुस्ती शिकतात, त्या जागेला तालीम म्हणतात. उर्दूतला 'उस्ताद' तेथे 'वस्ताद' झाला. पहिलवान, कुस्ती, कसरत, खुराक हे शब्द तर जवळजवळ जसेच्या तसे राहिले.

हे सांगण्याचे कारण असे की, तुमच्यापैकी अनेकांना आज 'मिक्स्ड मार्शल आर्ट्स' या मिश्र लढतीच्या खेळाचे वेड लागले आहे. वेड वाईट नाही. पण मोबाइलवर लढती पाहून धाडच्या मोकळ्या मैदानात एकमेकांचा गळा आवळण्याचा सराव करणे वाईट आहे. गळ्याची पकड घट्ट बसली, तर काही सेकंदांतच माणूस बेशुद्ध पडतो. ज्याला हा खेळ शिकायचा आहे, त्याने आधी दोन-तीन वर्षे तालमीत घालवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या खेळात तीन गोष्टी एकत्र येतात : उभ्याने ठोसे व लाथा मारणे, प्रतिस्पर्ध्याला धरून खाली पाडणे आणि जमिनीवर त्याला जखडून टाकणे. मधली गोष्ट ज्याला येते, तो लढत उभ्याने होणार की जमिनीवर, हे ठरवतो. ठोसे मारणारा कितीही तरबेज असो, पाठ जमिनीला लागल्यावर त्याचे निम्मे बळ संपते. रशियातील दागिस्तानचा खबीब नूरमागोमेदोव २९ लढती लढला आणि सर्व जिंकून २०२० मध्ये निवृत्त झाला. त्याचे मुख्य हत्यार कुस्तीच होते. आपल्याकडची रितू फोगाटही २०१९ मध्ये कुस्तीतूनच या खेळात आली.

पण इतक्या दूर तरी कशाला जायचे? डिसेंबर २०१८ मध्ये शेजारच्या जालना शहरात महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. तेथे बुलढाणा जिल्ह्याकडून उतरलेल्या बाला रफिक शेख याने पुण्याच्या अभिजित कटके याला ११-३ अशा गुणांनी हरवले. रफिक मूळचा सोलापूर जिल्ह्यातला. तेव्हा तो आपला की त्यांचा, यावर वाद घालता येईल. मी घालणार नाही. तो घडला कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत, १९६० चे हिंद केसरी गणपतराव आंदळकर यांच्या हाताखाली. आंदळकर वस्ताद आणि शेख पठ्ठ्या, यात तालमीत कोणालाही नवल वाटत नाही.

तालमीत गेल्यावर पहिल्याच दिवशी डाव शिकवतील, अशी आशा धरू नका. आधी हातात फावडे येते. आखाड्याची माती खणून भुसभुशीत ठेवावी लागते. तीत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस मिसळतात. खणता खणताच खांदे आणि कंबर तयार होते. मग जोर आणि बैठका. घाईने काढलेल्या दोनशे जोरांपेक्षा नीट काढलेले पन्नास जोर बरे. त्यानंतर मानेचा व्यायाम, आणि पडायला शिकणे. हो, पडणेसुद्धा शिकावे लागते! हनुवटी छातीला लावून, डोके जमिनीवर आपटू न देता जो शंभर वेळा पडला आहे, त्यालाच दुसऱ्याला पाडण्याचा डाव शिकवावा. ठोसे आणि लाथा यांची पाळी पुढची. त्याही जाणत्या शिक्षकाकडून, हातमोजे घालून आणि दातांना कवच लावून शिकाव्यात.

खुराकाचे अवडंबर मला पटत नाही. बदाम आणि तूप परवडत नाही म्हणून कसरत सोडणारी मुले मी पाहिली आहेत. भाकरी, डाळ, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, अंडी आणि दूध एवढे मिळाले, तर शाळकरी मुलाला पुरे. डब्यातली पावडर नको. वजनी गटात बसण्यासाठी पाणी तोडणे तर मुळीच नको. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम लढतीच्या दिवशी विनेश फोगाटचे वजन फक्त १०० ग्रॅम जास्त भरले. ते उतरवण्यासाठी तिने रात्रभर धडपड केली होती. शेवटी ती स्पर्धेतून बाद झाली, आणि अंगातले पाणी कमी झाल्याने तिला दवाखान्यातही न्यावे लागले.

रमजानमध्ये सराव बंद ठेवावा का, असे मुले विचारतात. बंद नको, कमी करावा. दिवसा अंग घामाघूम होईल असे काही करू नये. इफ्तारनंतर तासाभराने हलके जोर आणि थोड्या बैठका पुरेत. रोजा ठेवून भर दुपारी माती खणायला उतरलेल्या मुलाच्या हातातून चांगला वस्ताद स्वतःच फावडे काढून घेईल.