नकाशाआधी गल्ली

दुधनीसारख्या लहान गावाने परदेशाकडून शिकायचे म्हणजे सिंगापूरची रंगीत चित्रे भिंतीवर टांगायची, अशी आमच्या शहाण्यांची समजूत! स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडीस १९१४ साली हिंदुस्थानात आले, ते चित्रे वाटायला नव्हे. आधी गल्ल्या पायी तुडवा, विहिरी, झाडे, पाण्याचे उतार पाहा, मगच पेन्सिल उचला. सरसकट पाडापाडी नको, हा त्यांचा धडा. मुंबई विद्यापीठात १९१९ पासून ते शिकवतही होते. आम्ही मात्र रुंद रस्त्याची रेघ आधी ओढतो, माणसे मागाहून मोजतो. दुधनीच्या बाजारात धान्याची पोती कोणत्या वाटेने येतात, पावसाचे पाणी कुठे तुंबते, हे तिथल्या हमालांना विचारा की! आणि गाव कर्नाटकच्या वेशीवरचे, तेव्हा कानडीतूनही विचारा.