एकाच जिल्ह्यातले दोन गांधी

बेळगाव जिल्ह्याने चार महिन्यांच्या अंतराने दोन शताब्द्या साजऱ्या केल्या. दोन्ही वेळा उत्सवमूर्ती निराळी होती, मंडप घालणारे निराळे होते आणि टाळ्या वाजविणारेही निराळे होते. डिसेंबर २०२४ मध्ये काँग्रेस पक्षाने महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली झालेल्या बेळगाव अधिवेशनाची शताब्दी आरंभिली. डॉ. मनमोहन सिंग यांच्या निधनामुळे त्या वेळची जाहीर सभा रहित झाली व ती पुढे जानेवारीत भरली. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय जनता पक्षाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या निपाणी भेटीची शताब्दी साजरी केली. काँग्रेसने आपल्या सभेत बापू, भीम आणि संविधान असा तिहेरी जयघोष केला. जणू ह्या दोन पुरुषांत कधी वाद झालाच नव्हता! भाजपला तो वाद चांगला आठवत होता, कारण तो काँग्रेसवर उगारता येतो. एकाने भांडण झाकले, दुसऱ्याने ते हत्यार म्हणून वापरले. ते भांडण मुळात काय होते, हे समजून घेण्याची निकड मात्र दोन्ही मंडपांत फारशी दिसली नाही.

गांधीजींविषयी दोन टोकांची मते असणारी माणसे आज घरोघर आहेत. अशा नेत्यावर अनुबोधपट काढावयाचा तर सुरुवात साबरमतीपासून किंवा राजघाटापासून करण्याची रीत पडून गेली आहे. आमची सूचना अशी की, ती बेळगाव आणि निपाणी ह्यांच्या दरम्यान कोठेतरी करून पाहावी. त्यातही दूधगंगेच्या काठी, इचलकरंजी आणि निपाणी ह्यांच्या मध्ये वसलेल्या बोरगावसारख्या गावी करावी. तेथे शिवारात ऊस आणि तंबाखू आहे, घरात मराठी आहे, कचेरीत कन्नड आहे. आणि दोन्ही ऐतिहासिक मंडपांच्या जागा तेथून एका दिवसात पाहून येता येतात.

पहिला मंडप २६ व २७ डिसेंबर १९२४ चा. गांधीजींनी काँग्रेसचे अध्यक्षपद उभ्या आयुष्यात एकदाच स्वीकारले, ते बेळगावला. यजमान होते गंगाधरराव देशपांडे. मूळचे टिळकांचे कडवे अनुयायी, पुढे तितकेच निष्ठावंत गांधीवादी झालेले. अधिवेशनाच्या जागेला त्यांनी विजयनगर हे नाव दिले. पाण्यासाठी विहीर खणली, तिला पंपासरोवर म्हटले. ती आजही काँग्रेस विहीर म्हणून दाखवितात. अधिवेशनातील सफाईची जबाबदारी काकासाहेब कालेलकरांकडे होती, आणि उच्चवर्णीय म्हणविणारी तरुण मुले तेथे भंगीकाम करीत होती. १९२४ साली ही गोष्ट लहान नव्हती, हे आज अस्पृश्यतेवर व्यासपीठावरून सुखाने बोलणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

पण त्याच मंडपात एक अकरा वर्षांची मुलगी स्वागतगीत गाण्यासाठी आली होती. तिचे नाव गंगूबाई हनगल. पुढे वृद्धपणी त्या अधिवेशनाची आठवण सांगताना त्या गांधीजींच्या दर्शनापेक्षा आपल्या मनातल्या धास्तीविषयी अधिक बोलत. आपण खालच्या मानलेल्या जातीतल्या, तेव्हा जेवणानंतर आपल्याला उष्ट्या पत्रावळी तर उचलावयास लावणार नाहीत ना, ही ती धास्ती. कालेलकरांची सफाई आणि ह्या मुलीची भीती एकाच आवारातल्या आहेत. एक दाखवून दुसरी वगळणाऱ्याला दोष देता येणार नाही इतके ते सोपे आहे, आणि बहुतेकांनी तसेच केले आहे.

बेळगावचा सर्वांत गाजलेला ठराव सुताचा. काँग्रेसच्या सभासदाने वर्गणीऐवजी दरमहा दोन हजार यार्ड सूत द्यावे, स्वतः कातता येत नसेल तर दुसऱ्याकडून कातवून आणावे, असे तेथे ठरले. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू ह्यांच्या स्वराज्य पक्षाशी झालेल्या तडजोडीचा तो भाग होता. पुढल्याच वर्षी, सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला, ती अट सैल करण्यात आली. चार आणे द्या किंवा सूत द्या, असा पर्याय आला. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ह्या ठरावाला एक ओळही मिळत नाही. निपाणीच्या परिषदेत मात्र त्याची आठवण ताजी होती.

१० व ११ एप्रिल १९२५ रोजी निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते चौतिशीच्या उंबरठ्यावरचे बॅरिस्टर आंबेडकर. बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापून त्यांना अजून वर्ष झाले नव्हते. त्या वेळच्या भाषणात त्यांनी गांधीजींविषयी जे म्हटले, ते दोन्ही पक्षांच्या भक्तांना अडचणीचे आहे. सामाजिक अन्याय दूर केल्यावाचून ह्या देशातला कलह मिटणार नाही, असे गांधीजींपूर्वी कोणत्याही राजकीय पुढाऱ्याने म्हटले नव्हते, हे त्यांनी मान्य केले. लगेच पुढे ते म्हणाले की, खादी आणि हिंदू-मुस्लिम ऐक्य ह्यांवर गांधीजी जितका भर देतात तितका अस्पृश्यतानिवारणावर देत नाहीत. दिला असता तर काँग्रेसमधील मताधिकारासाठी त्यांनी तीच अट घातली असती. आणि शेवटी असे म्हणाले की, सर्वांनीच ज्यांना झिडकारले आहे त्यांना महात्मा गांधींची सहानुभूतीही काही थोडीथोडकी नाही.

ह्या टीकेचा नेमकेपणा पाहण्यासारखा आहे. सूत कातले नाही तर सभासदत्व नाही, असे म्हणण्याची धमक ज्या काँग्रेसने दाखविली, तिला अस्पृश्यता पाळाल तर सभासदत्व नाही असे म्हणता आले नसते काय? टीकाकाराने प्रतिपक्षाचा ठराव वाचला होता. त्याच ठरावाच्या मापाने त्याने प्रतिपक्षाला मोजले आणि श्रेयही पदरात घातले. आजच्या दूरचित्रवाणीवरील वादांत ह्यांपैकी एकही गोष्ट घडत नाही, हे वाचकांस सांगावयास नको.

येथून पुढची वाट सरळ नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या मंडपात गांधीजींचे छायाचित्र लावलेले होते. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवनात दोघांची पहिली भेट झाली ती कडवट झाली. गोलमेज परिषदेत ते समोरासमोर आले. २० सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात उपोषण सुरू झाले आणि २४ तारखेला पुणे करारावर सह्या झाल्या. त्यानंतर बाबासाहेबांचे मन पुन्हा निपाणीच्या भाषणाजवळ आले नाही. १९५५ साली बीबीसीसाठी फ्रान्सिस वॉटसन ह्यांनी त्यांची मुलाखत घेतली. तीत त्यांनी गांधीजींना महात्मा म्हणण्याचेच नाकारले. इंग्रजी पत्रात एक आणि गुजराती पत्रात दुसरेच लिहिणारा माणूस, असा आरोप केला. आपण त्यांना प्रतिपक्षी म्हणून भेटलो, म्हणूनच भक्तांपेक्षा आपण त्यांना अधिक ओळखतो, असेही सांगितले.

ही मुलाखत ज्या कामासाठी झाली ते काम आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. गांधीजींना ओळखणाऱ्या अनेकांचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांतून नभोवाणीसाठी चार भागांची मालिका वॉटसन ह्यांनी रचली. निर्मिती मॉरिस ब्राउन ह्यांची. तिची संहिता १९५७ साली पुस्तकरूपाने आली. भक्त, सहकारी, इंग्रज अधिकारी, विरोधक असे सगळे त्यात बोलतात. गांधीजींच्या मृत्यूला दहा वर्षेही झाली नव्हती, माणसे हयात होती, तोवर हे करून घेतले. आपल्याकडे आज त्या मुलाखतीतला दोन-चार मिनिटांचा तुकडा मोबाइलवर फिरतो. त्याला मागे १९२५ नाही, १९३२ नाही, पुढेही काही नाही. तुकडा खरा आहे, आवाज खरा आहे. आणि तरीही ऐकणाऱ्याची फसगत होते, कारण तीस वर्षांचा प्रवास त्यातून गळून गेलेला असतो.

चित्रपटांनी ह्याहून बरे काही केले आहे, असे नाही. विठ्ठलभाई झवेरी ह्यांचा १९६८ चा 'महात्मा' हा पाच तासांहून मोठा अनुबोधपट परिश्रमाचा नमुना आहे. मिळतील तेथून जुनी दृश्ये गोळा करून तो सिद्ध झाला. पण त्या रचनेत एक अंगभूत कल आहे. ज्याच्यामागे जगभरचे छायाचित्रकार धावत होते त्याचे दृश्य उदंड मिळते. बहिष्कृतांच्या परिषदेवर कॅमेरा रोखण्याची गरज त्या काळी कोणास वाटणार? त्या परिषदा आपल्यापर्यंत आल्या त्या मुख्यतः शब्दांतून. नुसत्या उपलब्ध फितीवर विसंबणारा दिग्दर्शक नकळत एका बाजूला झुकतो. रिचर्ड अॅटनबरो ह्यांच्या १९८२ च्या 'गांधी' ह्या कथापटाला भारत सरकारचा पैसा होता, आणि त्यात आंबेडकर औषधालाही नाहीत. २००० साली जब्बार पटेलांचा आंबेडकरांवरील चित्रपट आला, तोही सरकारी पैशातून. त्यात मोहन गोखल्यांनी गांधीजी उभे केले ते प्रतिपक्षी म्हणून. सरकारने दोघांनाही पैसे दिले आणि दोन्ही चित्रपट एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले!

हयात नेत्यावरचे चित्रण तर आणखी बिकट. आणीबाणीच्या आगेमागे आनंद पटवर्धनांनी बिहारचे आंदोलन चित्रित केले ते इंदिरा गांधींच्या विरोधात; सुखदेव ह्यांनी १९७६ साली आणीबाणीची भलावण करणारा पट काढला. एक लपूनछपून दाखवावा लागला, दुसऱ्याला सरकारचा हात होता. २०२३ साली पंतप्रधानांवरील बीबीसीच्या अनुबोधपटाचे दुवे केंद्र सरकारने तातडीच्या अधिकाराखाली बंद केले. तो पट एकांगी आहे असे सरकारचे म्हणणे होते. असेलही, पण पाहिल्याशिवाय ते प्रेक्षकाने ठरवावयाचे कसे?

दोन्ही बाजूंना सारखी मिनिटे दिली की निःपक्षपात झाला, ही समजूत आम्हांस भाबडी वाटते. गांधीजींच्या बाबतीत बाजू दोनच आहेत, असेही नाही. बोरगावच्या पंचक्रोशीत विचारून पाहावे. १९२० साली काँग्रेसने भाषावार प्रांतिक समित्या केल्या तेव्हा बेळगाव कर्नाटकाकडे गेले. १९२४ च्या अधिवेशनाच्याच निमित्ताने बेळगावात कर्नाटक एकीकरणाची परिषद भरली. कन्नड माणसाला तो आपल्या राज्याचा उषःकाल वाटतो, आणि त्यात त्याचे काय चुकले? १९५६ पासून महाराष्ट्राची वाट पाहणाऱ्या, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या तारखा मोजणाऱ्या निपाणी भागातील मराठी माणसाला त्याच अधिवेशनाचा अर्थ निराळा लागतो. दक्षिण महाराष्ट्रात ज्यांची घरे १९४८ च्या फेब्रुवारीत जाळली गेली त्यांच्या घरात गांधी हे नाव आणखी निराळ्या सुरात उच्चारले जाते. त्याच लाटेत कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. एका माथेफिरूच्या गुन्ह्याची शिक्षा अख्ख्या जातीने भोगली, आणि ती देणारे स्वतःला गांधीजींचे म्हणवीत होते. गांधीजींनी ह्याला काय म्हटले असते, हे सांगण्यास ज्योतिषी नको. परंतु त्या घरातल्या आजीची साक्ष घेतल्याशिवाय हा अनुबोधपट पुरा व्हावयाचा नाही.

आम्हां गोमंतकीयांचीही एक साक्ष आहे. १८ जून १९४६ नंतर लोहियांच्या बाजूने आणि गोव्यातील नागरी स्वातंत्र्याच्या बाजूने गांधीजींनी 'हरिजन'मधून लिहिले. पोर्तुगीज गव्हर्नर जनरललाही लिहिले. हे ऋण गोवा विसरलेला नाही. पण १५ ऑगस्ट १९५५ रोजी सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रही गोळ्यांना बळी पडले, आणि सहा वर्षांनी मुक्ती आली ती सैन्याच्या पावलांनी. त्या सैन्याची जमवाजमव झाली बेळगावात, म्हणजे जेथे गांधीजींनी अध्यक्षपद भूषविले त्याच गावात. अहिंसेच्या मर्यादेविषयी गोमंतकीयांची जी मते आहेत ती पुस्तकी नाहीत, आणि कुणा गांधीद्वेष्ट्याने ती पढविलेलीही नाहीत.

असा पट करावयास मोठे भांडवल लागत नाही. १९८२ साली दीपा धनराज आणि त्यांच्या युगांतर गटाने ह्याच निपाणीत तंबाखूच्या वखारींतील कामकरी बायकांवर अनुबोधपट केला. पुढाऱ्यांना बाजूला ठेवून बायकांना बोलू दिले. धुळीत बसून ऐकण्याची तयारी होती, एवढेच त्यांचे भांडवल. सरकारी शताब्दीच्या कमानींवर जेवढा खर्च झाला त्याच्या अल्पांशात हे काम होईल. निवेदन मात्र मराठीत आणि कन्नडात दोन्ही हवे, आणि पहिला खेळ दिल्लीत न होता बोरगावात व्हावा.

संकलकाच्या टेबलावर पहिली अडचण येईल ती निपाणीच्या भाषणातील त्या शेवटच्या उद्गाराची. तो ठेवला तर एक वर्ग म्हणेल, आमच्या नेत्याला गांधींचा उपकृत दाखविला. काढला तर दुसरा म्हणेल, सोयीचे तेवढे घेतले. आमच्या मते तो उद्गार पूर्ण ठेवावा. त्याच्या आधी सुताचा ठराव वाचून दाखवावा. उद्गार संपताच १९५५ चा बाबासाहेबांचा प्रत्यक्ष आवाज सुरू व्हावा, मध्ये निवेदकाने एक अक्षरही बोलू नये. पडद्यावर फक्त ११ एप्रिल १९२५, २४ सप्टेंबर १९३२ आणि १९५५ एवढे आकडे उमटावेत.